दर पाचव्या घराला फुली

वामन,

तुझ्या शोकसभेत मी रडलो नाही. लोक म्हणाले, कचरू दगडाचा आहे. म्हणू देत. मी जळत होतो. तुझ्यावर, आणि तुझ्यासाठी रडणाऱ्या प्रत्येकावर.

सभा कुठं ठेवली, सांगतो. त्याच शाळेच्या त्याच मोठ्या खोलीत, जिथं उन्हाळ्यात तुमचं शिबिर भरलं होतं. हिंगोलीचा नकाशा ज्या भिंतीला चिकटवला होता तिथं डिंकाचे डाग अजून दिसतात. तुझे सर औरंगाबादहून आले होते. ते तुला 'आमचा वामन' म्हणाले. पुण्याची शैला 'आपला वामन' म्हणाली आणि रडत खाली बसली. मग तो नागपूरचा गॉगलवाला उठला. तो म्हणाला, वामन म्हणजे हिंगोलीचा चालताबोलता नकाशा होता. अरे, तू हट्टा गावचा. हिंगोलीत पहिल्या दिवशी शाळेची वाट तुला मी दाखवली होती, आणि तरी तू स्टेशनाच्या अंगाला वळला होतास. हे त्या खोलीत एका माणसाला ठाऊक नव्हतं.

शेवटी आभार मानले. शोकसभेत आभार. 'स्थानिक कार्यकर्त्यांनी सतरंज्यांची व्यवस्था केली त्याबद्दल.' स्थानिक कार्यकर्ते म्हणजे मी. माझी माय बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती, तीही स्थानिकच. तिचं नाव कोणी घेतलं नाही आणि मला कोणी 'बोल' म्हणालं नाही.

म्हणून लिहायला बसलोय. मला आजवर दोनच गोष्टी लिहिता आल्या, पत्रक आणि निवेदन. पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात आणि निवेदनाच्या शेवटी 'आपला नम्र'. तुझ्याकडं आता काय मागू? आणि नम्र तर मी तुझ्यापुढं कधीच नव्हतो. तरी हात सवयीनं सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलकडंच गेला. प्रती काढीन, वस्तीत वाटीन, तुझ्या सरांनाही एक पाठवीन. खोडायचं लाल औषध बाटलीत वाळून गेलंय. लोखंडी लेखणीनं एकदा अक्षर कोरलं की ते राहणार. चुकलं तर चुकलेलंच राहील.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते मला पक्कं आठवतं. कंदिलावरून. हट्ट्याला पुढची शाळा नव्हती म्हणून मावशीनं, तुझ्या आईनं, तुला आमच्याकडं धाडलं. जिनिंग कारखान्याच्या मागं आमची वस्ती, वस्तीत आमची एक खोली, खोलीत एक कंदील. कंदील दोघांच्या मधी ठेवायचा, हा मायचाच नियम. पण तो हळूहळू तुझ्याकडं सरकायचा. मी सरकवत नव्हतो, तूही नव्हतास. भाकरी थापता थापता मायच पायानं त्याला तुझ्याकडं लोटायची.

"त्याला वाचायचं हाय," ती म्हणायची.

"मग मला काय कंदील खायचाय?"

"तू तर समदं तोंडानंच बोलतोस. तुला उजेड काय करायचा?"

तू हसायचास. कंदील परत मधी ठेवायचास. दोन पानं उलटेपर्यंत तो पुन्हा तुझ्याकडं.

पुढं मला कळलं की कंदिलाचा तिथं काही संबंध नव्हता. तू तिला पुसायचास. ती जिनिंगमधून कापसाची पुंजकी केसांत घेऊन यायची, आणि तू दप्तर बाजूला सारून म्हणायचास, "मावशी, आज कोण्या गावच्या गाड्या होत्या?" बस. एवढंच. मग ती सांगत बसायची. बाळापूरच्या गाड्या, त्यातला ओला कापूस, मुकादम कोणावर ओरडला, कोणाचं लेकरू गंजीवर झोपलं. मी तिच्याच पोटचा. तिचे हात सोलवटलेत हे मला दिसत होतं आणि त्यावर मी पुढं पत्रकही लिहिलं. 'जिनिंगमधल्या मायबहिणींचे रक्ताळलेले हात.' चांगलं झालं होतं ते पत्रक, लोकांनी हातोहात नेलं. मी मायला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बराबर हाय. पर रगत कुठं हाय? सालटं निघतेत." तू तोंड फिरवून हसलास. मला ते हसू आजही सहन होत नाही.

मग तू औरंगाबादला गेलास, एम.ए. झालास, पीएच.डी.ला लागलास. मी कॉलेज सोडलं आणि मोर्चात शिरलो. सोडलं ते शिकायला जमत नव्हतं म्हणून नव्हे, एवढं इथं लिहून ठेवतो, कारण सभेत कोणीतरी पुटपुटलं. तू लहान शहरांवर अभ्यास करत होतास. मी म्हणायचो, लहान शहरावर अभ्यास कशाला, राहून बघ. तू म्हणायचास, राहिलो की.

गेल्या मे महिन्यात तू ती सगळी वरात हिंगोलीला आणलीस. शहरांचा अभ्यास कसा करावा हे शिकवणारं उन्हाळी शिबिर, पीएच.डी. करणाऱ्या पोरांसाठी. हे असलं शिबिर पुण्यामुंबईला भरायचं. तू सरांच्या मागं लागलास की एकदा तरी ते अशा गावात भरवा जिथं शहर कुठं संपतं तेच कोणाला ठाऊक नाही. सर कबूल झाले. आमच्या उन्हात आपणहून आलेले हे पहिलेच पाहुणे असतील. डोक्याला ओले टॉवेल, खांद्याला शबनम, हातात मोजायची टेप. मी त्यांना वस्ती दाखवायची असं तू ठरवून टाकलंस. मला न पुसता. सगळ्या गावाला पुसणारा तू, मला मात्र गृहीत धरायचास.

पहिल्या दिवशी तुमच्यात वाद रंगला की हिंगोली हे शहर आहे की मोठं खेडं. फळ्यावर व्याख्या लिहून झाल्या. मी दारात उभा होतो. कंटाळून म्हणालो, "घरपट्टी घेतेत तवा शहर, नळ मागितला की खेडं." सगळे हसले. सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गॉगलवाला चहा पिताना कोणाला तरी सांगत होता, "वामननं काल फार मार्मिक मांडलं." तू लगेच म्हणालास, "माझं न्हाई ते, कचरूचं हाय." म्हणालास, हे खरं. पण गॉगलवाल्यानं कप बशीत ठेवला आणि मान हलवली, जणू तू मोठ्या मनानं दान केलंस. सभेत त्यानं तेच वाक्य पुन्हा तुझ्या नावावर सांगितलं. आता दुरुस्त करायला तू नव्हतास.

मग ते खडूचं झालं. वस्तीत हे अजून निघतं आणि बायका पदरात तोंड घालून हसतात.

तुमची पद्धत अशी की सगळ्या घरी जायला वेळ नाही, म्हणून दर पाचव्या घरी जायचं. मधली चार सोडून द्यायची. पाचव्याच्या दारावर खडूनं फुली मारायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रश्न घेऊन येणाऱ्याला घर सापडावं. याला तुम्ही नमुना म्हणता. शाळेतल्या फळ्यावर ते फार सोपं दिसत होतं. वस्तीत फुल्या मारून तुम्ही लोक जेवायला गेलात आणि इकडं गिरजाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. गिरजाबाई आमच्या मागच्या ओळीतली, तिच्या दारात मोठा लिंब आहे.

"काहून रं कचरू, आमच्या घरात काय माणसं राहत न्हाईत?"

"काय झालं?"

"जनीच्या दाराला फुली हाय. तिच्या घरात ती अन् तिचा खोकला, दोघंच. आमच्यात खंडीभर लेकरं, आमाला न्हाई."

"अगं, ते मोजून हाय. पाचवं घर."

"मग मोजायला आमच्या घरापून सुरू कराया काय धाड भरली होती?"

खरं सांगतो, मला तिची समजूत घालायचीच नव्हती. तुमची पद्धत तोंडावर पडलेली मला बघायची होती. तोवर वस्तीत हवा झाली होती की फुली असलेल्या घरांना नळ मिळणार. कोणी म्हणालं, नळ नाही, जागेचे कागद. तांड्यावरून जिनिंगच्या कामाला आलेली जी घरं पलीकडच्या टोकाला आहेत, त्यांना तर वाटलं की फुलीवाल्या घरांना उठवणार. त्यांनी आपल्या फुल्या पाण्यानं पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात तर अख्खी वस्ती पांढरी. ज्यांना खडू मिळाला त्यांनी खडूनं, बाकीच्यांनी पानाच्या चुन्यानं. गिरजाबाईनं एका दाराला दोन फुल्या मारल्या होत्या, एक वर, एक खाली, न दिसायला नको म्हणून. आणि ज्या घरांना खरोखर फुल्या होत्या त्यातली निम्मी पुसलेली. मी बुद्धविहाराच्या ओट्यावर पोट धरून हसत बसलो. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. ते म्हणाले, नमुना बाद झाला.

तू एका दारापुढं उभा राहून त्या चुन्याच्या फुलीकडं बघत होतास. मग म्हणालास, "सर, ज्यांनी स्वतः फुली मारली त्यांना काहीतरी सांगायचं आहे."

सर म्हणाले, "वामन, ज्यांना सांगायचं आहे त्यांचंच ऐकलं तर जे गप्प आहेत ते कायम राहून जातात. म्हणून तर मोजून घ्यायचं."

वाईट वाटतं सांगायला, पण माणूस चुकत नव्हता. मी पत्रकं लिहितो ती ओरडणाऱ्यांच्या जोरावर. हे मी त्यांच्यापुढं कबूल केलं नसतं, अजूनही करणार नाही. या कागदावर आलंय ते औषध वाळलं म्हणून.

तुम्ही सगळ्या फुल्या पुसल्या आणि दुसऱ्या घरापासून नव्यानं मोजलं. त्यात आमचं घर आलं.

मी खूश झालो होतो, वामन. हे तुला कधी सांगितलं नाही. मी अंगणात सडा टाकला. माय म्हणाली, आज काय हाय? मी म्हणालो, काही न्हाई. मला वाटलं, तू येशील, समोर बसशील, त्या जाड पुठ्ठ्याला कागद लावशील आणि मला पुसशील. नळाचं पुसशील, मोर्चाचं, कॉलेजचं. कंदिलाच्या काळापासून तू घरातल्या कुत्र्यालासुद्धा पुसत आलास, फक्त मला सोडून.

आली शैला. तू पलीकडच्या घराच्या वळचणीला उभा.

"तू काहून न्हाई आलास?" मी बाहेर येऊन पुसलं.

"नात्यातल्या घरी आपण जायचं नसतं. नियम हाय."

"नियम गेला खड्ड्यात."

"अन् तुझं उत्तर मला ठावं हाय की."

हे तू हसून म्हणालास. प्रेमानंच म्हणाला असशील. पण वामन, ज्याचं उत्तर ठाऊक आहे असं वाटतं त्याला माणूस पुन्हा कधी पुसत नाही. मी आत गेलो आणि शैलाला एक भाषण ठोकलं. तिच्या कागदात त्यासाठी जागाच नव्हती. बिचारी मान हलवत राहिली.

पहिला प्रश्न होता, घरात माणसं किती. तुमची व्याख्या मला पाठ होती, एका चुलीवर जेवतात ती.

"तीन," माय म्हणाली.

"दोन," मी म्हणालो. "वामन औरंगाबादला राहतो."

"त्याची ताटली हितं हाय."

"ताटली असल. माणूस तिकडं हाय."

शैलाची पंचाईत झाली. ती बाहेर गेली आणि तुलाच पुसून आली. तुझा आवाज आत ऐकू आला, मायलाही आला. "दोन लिही. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहणारा धरायचा नाही."

मी जिंकलो. तुझ्याच तोंडानं, तुझ्याच नियमानं. लहानपणापासून पहिल्यांदा या घराच्या हिशेबात मी एकटा पोरगा होतो. सांजेला तू जेवायला आलास. मायनं फळीवरून तुझी जर्मन धातूची ताटली काढली, पहिली भाकर तुझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "घे, पाव्हण्या."

तू हसलास. मग तुझं हसू गेलं. तू भाकरी मोडलीस ती हातातच धरून बसलास. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पण बघ, तिचा राग तुझ्यावर होता, माझ्यावर नाही. रागातसुद्धा तूच पहिला.

शिबिर संपेपर्यंत तू दुपारी झोपला नाहीस. बाकीचे शाळेत ओल्या चादरी टांगून पडायचे आणि तू वस्तीत. फुली नसलेल्या घरांत जाऊन नुसता बसायचास, कागद न घेता. पहिल्यांदा तू गिरजाबाईकडं गेलास, दोन फुल्यांच्या मानानं. मीही आलो मागं मागं. काय सांगतेत हे ऐकायला नव्हे, तुला काय सांगतेत हे ऐकायला.

नळासाठी मी पत्रकांवर पत्रकं काढली होती. रुळांपलीकडच्या विहिरीवरून बायका पाणी आणतात, ते बंद झालं पाहिजे. माझी मागणी मोठ्या अक्षरांत होती, वस्तीच्या मध्यभागी, विहारासमोर, सन्मानानं नळ. तू गिरजाबाईला नळ पाहिजे का हे पुसलंच नाहीस. तू पुसलंस, "पाणी भराया तुमाला कुठं हुबं राहाया आवडंल?"

असला प्रश्न कोणी करतं का. पण ती लगेच म्हणाली, "विहारापुढं नको बाबा."

मी दारातून म्हणालो, "काहून? मधी हाय, समद्यांना जवळ."

"मधीच हाय म्हणून. ओट्यावर बाप्ये बसून राहतेत दिवसभर. सासरा, चुलतसासरा, दीर. त्यांच्यापुढं पदर खोचावा कसा? अन् भांडावं कसं?"

"भांडायचंच कशाला?"

"नळावर भांडण होणार न्हाई तर काय भजन होणार? हितं लिंबाखाली द्या. सावली हाय, बाप्या न्हाई. मनासारखं भांडता येतं."

घरातल्या सगळ्या बाया हसल्या. तूही हसलास. मी या बाईच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालो. तिच्या दारात उभं राहून मी ते पत्रक वाचून दाखवलं होतं आणि तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. "मला काहून न्हाई सांगितलंस?" मी म्हणालो. ती म्हणाली, "तू इतकं चांगलं वाचून राहिला होतास. मधी कसं बोलावं?"

ऐकायला बरं वाटलं आणि तितकंच झोंबलं.

यावरून आपलं जे भांडण जुंपलं ते पाऊसकाळात तू दोन दिवस आलास तोवर चाललं. आणि मी अजून मागं हटलेलो नाही. तू म्हणायचास, आधी उरलेल्या सगळ्या घरी जाऊन जागा पुस, मग नळ माग. मी म्हणायचो, आधी नळ तर मिळू दे. जागेवरून वस्तीतच दोन तट पडले की नगरपालिका हात झटकून मोकळी. स्टेशनवर पूर्णेची गाडी लागली होती, तू खिडकीत बसलेला, तरी आपण थांबलो नव्हतो.

"तुझ्यापाशी दोन कपाटं भरून उत्तरं हायत," मी म्हणालो. "आमच्यापाशी एक तोटी बी न्हाई."

"तोटी एकदा बसली की उठत न्हाई, कचरू. जिथं बसंल तिथं बायांना जलमभर जावं लागंल."

"मोर्चा काढल्याबिगर बसतच न्हाई ती. तू कागद भरून आणतोस का नळ?"

मग म्हणालास, "तुझं अर्धं बराबर हाय."

"अन् उरलेलं अर्धं?"

गाडीनं धक्का दिला. "उरलेलं आल्यावर सांगतो," तू म्हणालास. चांगलं ऐकू आलं मला. नीट, स्पष्ट. तू हात हलवत होतास आणि मी मुद्दाम हलवला नाही, कारण मला उत्तर पाहिजे होतं.

आता मला कोण सांगणार की कोणतं अर्धं बरोबर होतं? ते तरी सांगायचंस. तुला कावीळ झाली हे कळलं तेव्हा माय औरंगाबादला निघाली. मी मोर्चाच्या तयारीत होतो, म्हणालो, कावीळच आहे, उसाचा रस पाजा. मग तुला हट्ट्याला आणलं ते चादरीत गुंडाळूनच. मावशीनं माझ्या हाताला धरलं आणि म्हणाली, "त्याला लई बोलायचास रे तू. आता कोणाला बोलशील?" ती माझ्यावर रागावली नव्हती. ती खरंच पुसत होती. तुमच्या घरात सगळ्यांनाच पुसायची खोड.

मोर्चा झाला, वामन. तुझ्यानंतर. मोठा झाला. नगरपालिकेनं नळ कबूल केला. त्यांचा माणूस सायकलवरून वस्तीत आला आणि म्हणाला, जागा दाखवा. ओट्यावरची सगळी मंडळी उठून उभी राहिली. "जागा कशाला पुसता, कचरूच्या पत्रकात छापलीय की. विहारासमोर." माझ्याकडं बघून राहिले. माझंच वाक्य, मोठ्या अक्षरांत. मी म्हणू शकलो असतो, बरोबर, इथंच खोदा.

मी म्हणालो, "आठवड्यानं या."

मंडळी चिडली. माझ्या तोंडावर म्हणाले, हे वामनचं भूत बोलून राहिलंय. मला राग आला. भूत कशाला, मला स्वतःचं डोकं नाही का? पण खडू मात्र मी तुझ्याच पिशवीतला घेतला. ती पिशवी आमच्या घरी खुंटीला आहे. एका टोकापासून सगळी घरं धरली, तू जाऊन बसलेली आणि राहिलेली, दोन्ही. मी फुली आधी नाही मारत, प्रश्न पुसून झाले की मारतो. म्हणजे कोणाला वाईट वाटायचं कारण नाही आणि कोणाला घाबरायचंही. ही सुधारणा माझी आहे. तुझ्या सरांना सांगायला हरकत नाही, पण माझ्या नावावर.

काम मला जमत नाही. मी प्रश्न विचारतो आणि उत्तरही मीच देतो. पहिल्याच घरात जनाबाई खोकता खोकता म्हणाली, "भाषण नको करू रं. वामनवानी पूस." दुसऱ्या घरात तेच. तांड्याच्या टोकाला एक म्हातारी म्हणाली, "तो दुसरा पोरगा कुठं हाय? तो गप बसायचा, चांगला होता." मी तिला सांगितलं. तिनं डोक्यावरची ओढणी पुढं घेतली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला, तुझ्यासाठी. मी उन्हात तुझ्या नावाचा हात तोंडावर घेऊन उभा. तिथंही मला तुझा हेवा वाटला, आणि त्याच दमात वाटलं की तू नसतास तर मला या दारात कोणी बसवलं नसतं.

बहुतेक घरं लिंबाखाली म्हणाली. मी ओट्यावर जाऊन सांगितलं. म्हणाले, कचरू फिरला. मी म्हणालो, पत्रक माझं होतं, पाणी बायांचं हाय. माझ्या कुठल्याही पत्रकात इतकं नीट वाक्य आलेलं नाही. गॉगलवाल्याच्या कानावर गेलं की तेही तुझंच होणार.

शेवटी आमचं घर राहिलं. नात्यातल्या घरी आपण जायचं नसतं, पण दुसरा कोण होता? माय दारात ज्वारी पाखडत बसली होती. मी पुठ्ठ्याला कागद लावून तिच्यासमोर बसलो.

"नळ कुठं पाहिजे?"

"लिंबाखाली," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "पर हे आधी नसतं इचारायचं. आधी माणसं इचारायची. त्यो तसंच करायचा."

मी पुसलं. घरात माणसं किती.

ती सुपातले खडे वेचून बाजूला टाकत राहिली. मग म्हणाली, "तूच लिव. मागच्या बारीला तूच सांगितलं होतंस."

आत फळीवर तुझी ताटली आहे, माझ्या ताटलीच्या वर. मी ती खाली ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर असते.

मी तीन लिहिलं. मायला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि सूप पुन्हा हलायला लागलं. मग मी उठून दारावर फुली मारली.

तुझ्या नियमात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. खुशाल म्हण की कचरूला शेवटपर्यंत पद्धत कळली नाही. चूक वाटत असेल तर ये आणि तुझ्या हातानं खोड.

कचरू